परिपक्वतेच्या पाच पायऱ्या : सॉफ्टवेअर-प्रक्रियेच्या एका प्रतिमानाचे भाषिक परीक्षण

१

सॉफ्टवेअर-निर्मितीची पद्धती टप्प्याटप्प्याने कशी सुधारावी, हा विषय भाषाशास्त्राच्या अध्यापकाच्या कक्षेतला नव्हे, असे या पत्रिकेच्या वाचकांस वाटल्यास त्यात नवल नाही. प्रस्तुत लेखकासही काही वर्षांपूर्वीपर्यंत तसेच वाटत असे. परंतु जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे आपल्या नित्य परिचयाच्या 'नॅक'ने, उच्च शिक्षणसंस्थांच्या मूल्यांकनाची रीत बदलण्याचे जाहीर केले. संस्था अधिस्वीकृत आहे की नाही एवढेच आधी ठरवावयाचे आणि पुढे 'परिपक्वते'च्या निकषावर तिला एक ते पाच यांपैकी एखादा स्तर द्यावयाचा, असे त्या योजनेचे स्थूल स्वरूप आहे. ही वार्ता आल्यापासून विभागाविभागांतून चर्चा चालते ती कोणती कागदपत्रे जमवावी लागतील याची. 'परिपक्वता' हा शब्द आणि 'पाच' हा आकडा मुळात आला कोठून, असा प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

संस्थांना परिपक्वतेच्या पाच पायऱ्यांवर उभे करण्याची ही रीत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात रूढ झाली आणि तेथूनच ती सर्वत्र पसरली. तिचे मूळ काही ग्रंथांत आणि अहवालांत आहे. ग्रंथ म्हटला की त्याची भाषा आली, आणि भाषा आली की तिचे परीक्षण करण्याचा अधिकार आमच्या शास्त्रास आपोआपच प्राप्त होतो. संगणकशास्त्राच्या जाणकारांनी या प्रतिमानाचे गुणदोष यापूर्वी पुष्कळ सांगितले आहेत. त्यांच्या प्रांतात शिरण्याचा येथे हेतू नाही. पायऱ्यांना जी नावे दिली गेली त्यांची व्याकरणिक घडण काय आहे, त्या घडणीत काय सांगितले गेले आणि काय लपले, आणि जे लपले त्याचे व्यवहारात काय परिणाम झाले, एवढाच प्रश्न या लेखापुरता घेतला आहे.

२

प्रथम प्रतिमानाचा इतिहास थोडक्यात पाहू. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या पुरस्काराने एक परिषद भरली. सॉफ्टवेअरची कामे ठरल्या वेळी पुरी होत नाहीत, अंदाजपत्रकात बसत नाहीत आणि पुरी झाली तरी त्यांवर भरवसा ठेवता येत नाही, ही तक्रार तेथे उघडपणे मांडली गेली, आणि 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' ही संज्ञा रूढ होण्यास तेथूनच चालना मिळाली. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्यास हीच अडचण मोठ्या प्रमाणावर जाणवू लागली. १९८४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर एंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. आय. बी. एम. कंपनीत सत्तावीस वर्षे काढलेले वॉट्स हम्फ्री १९८६ मध्ये तेथे आले. ठेकेदार कंपनी काम नीट करील की नाही, हे काम देण्यापूर्वीच कसे ओळखावे, असा खात्याचा प्रश्न होता. १९८७ मध्ये त्याकरिता एक प्रश्नावली सिद्ध झाली. १९८९ मध्ये हम्फ्री यांचा 'मॅनेजिंग द सॉफ्टवेअर प्रोसेस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९९१ मध्ये 'कॅपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल', संक्षेपाने सी. एम. एम., या नावाने प्रतिमानाची पहिली आवृत्ती निघाली आणि १९९३ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली. २००० नंतर त्याची जागा सी. एम. एम. आय. या विस्तृत प्रतिमानाने घेतली. ते आजही प्रचारात आहे.

पाच टप्प्यांची कल्पना सर्वस्वी हम्फ्री यांची नव्हे. फिलिप क्रॉस्बी यांनी १९७९ मधील आपल्या गुणवत्ताविषयक ग्रंथात कारखान्यांकरिता पाच अवस्थांचे कोष्टक दिले होते. त्या अवस्थांची नावे मराठीत आणावयाची तर अनिश्चितता, जागृती, प्रबोध, प्रज्ञा आणि निश्चिती अशी होतील. मराठी वाचकास ही नावे वाचताना दासबोधातील बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तथापि दासबोधातील वर्गवारी साधकाने स्वतःस ओळखावे यासाठी आहे. बाहेरच्या कोणी येऊन तो सिद्ध असल्याचा दाखला द्यावा, अशी सोय तेथे नाही. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

१९९३ च्या आवृत्तीत पहिल्या पायरीकडून कसलीच अपेक्षा नाही. तेथे सारे काम व्यक्तीच्या कर्तबगारीवर चालते. दुसऱ्या पायरीवर सहा कार्यक्षेत्रे आहेत : गरजांची नोंद, कामाचा आराखडा, प्रगतीवर देखरेख, उपठेकेदारांची व्यवस्था, गुणवत्तेची खातरजमा आणि निरनिराळ्या प्रतींचा हिशेब. तिसऱ्या पायरीवर सात क्षेत्रे येतात. त्यांचे सार असे की साऱ्या संस्थेची कार्यपद्धती लिहून निश्चित करावी, ती लोकांना शिकवावी आणि सहकाऱ्यांनी परस्परांचे काम तपासावे. चौथ्या पायरीवर दोन क्षेत्रे असून त्यांत मोजमाप येते. पाचव्या पायरीवर तीन आहेत. दोषाचे मूळ शोधून तो पुन्हा उद्भवू न देणे हे त्यांपैकी प्रमुख. अशी एकूण अठरा क्षेत्रे होतात. पायऱ्या गाळून उडी घेऊ नये, असेही प्रतिमानात स्पष्ट बजावलेले आहे.

३

आता पायऱ्यांच्या नावांकडे वळू. मूळ इंग्रजी नावे 'इनिशियल', 'रिपीटेबल', 'डिफाइन्ड', 'मॅनेज्ड' आणि 'ऑप्टिमायझिंग' अशी आहेत. पहिले साधे विशेषण आहे. दुसरे शक्यार्थक आहे : काम पुन्हा तसेच करता येण्याजोगे आहे, एवढेच ते सांगते. तिसरे आणि चौथे ही भूतकालवाचक कर्मणि धातुसाधिते आहेत : व्याख्या 'केली गेलेली', व्यवस्था 'लावली गेलेली'. पाचवे मात्र वर्तमानकालवाचक धातुसाधित आहे. त्याचा अर्थ 'सुधारत असलेली' असा होतो.

या घडणीवरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला पाचव्या नावासंबंधी. जी क्रिया चालू आहे ती 'प्राप्त' कशी करावयाची? 'आम्ही पाचवी पायरी गाठली' असे कंपन्यांच्या जाहिरातींत वर्षानुवर्षे लिहिले गेले. व्याकरणदृष्ट्या हे विधान 'आम्ही चालत असणे गाठले' असे म्हणण्यासारखे आहे. प्रतिमानकारांनी शेवटचे नाव अपूर्ण क्रियेचे योजले होते. ही योजना सूज्ञपणाची होती. वापरणाऱ्यांनी मात्र तिचे पूर्ण क्रियेत रूपांतर केले.

दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. कर्मणि रचनेत कर्ता गाळता येतो. 'प्रक्रिया निश्चित केली गेली' या वाक्यात ती कोणी निश्चित केली हे सांगावे लागत नाही. भाषेत ही सोय आहे आणि शास्त्रीय लेखनात तिचा उपयोग नेहमीच होतो. परंतु जेथे कर्ता कोण यावरच क्रियेचे मोल ठरते, तेथे त्याचा लोप ही गंभीर गोष्ट होय. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, या प्रतिमानाचा टप्प्यांचा क्रम बहुतांशी योग्य आहे. जे दोष त्याच्या माथी मारले जातात, त्यांतील बहुतेक तिसऱ्या पायरीवरील या लुप्त कर्त्यापासून उद्भवतात.

४

हे प्रतिपादन एका अनुभवावरून स्पष्ट करतो. काही वर्षांपूर्वी सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्या एका लहानशा कार्यालयाने प्रस्तुत लेखकास सल्ल्यासाठी बोलावले. तिघे तरुण तेथे काम करीत. खातेदारांची यादी मराठी वर्णक्रमाने लागत नाही, अशी गिऱ्हाइकाची तक्रार होती. तक्रारीचे कारण उघड होते. संगणकातील युनिकोड संकेतात 'ळ'चा क्रमांक 'ल'च्या नंतर आणि 'व'च्या आधी येतो; आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. त्यामुळे संगणक 'काळे' हे आडनाव 'कावळे' आणि 'काशीद' यांच्या आधी लावी. आपल्या क्रमाने ते त्या दोहोंच्या नंतर यावयास हवे. तसेच 'क्ष' हा संगणकास 'क', हलन्तचिन्ह आणि 'ष' असा दिसतो. म्हणून 'क्षीरसागर' हे नाव यादीच्या अखेरीस न जाता 'क'च्या शेवटी, 'खाडे'च्या आधी येऊन बसे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देवनागरी वर्णमालेचे प्रमाणीकरण केलेले असल्याने योग्य क्रम कोणता, याविषयी वाद नव्हता. त्यांच्यातील एका हुशार मुलाने दोन दिवसांत दुरुस्ती केली आणि ती चोख होती.

तीन महिन्यांनी तीच चूक पुन्हा आली. दुरुस्त केलेली प्रत त्या मुलाच्या संगणकावर होती. व्याजाचा दर बदलण्याचे काम दुसऱ्याने जुन्या प्रतीवर केले आणि तीच प्रत गिऱ्हाइकाकडे गेली. चूक पुन्हा काढली. पुढे तो मुलगा पुण्यास हिंजवडीला नोकरीसाठी गेला आणि चूक तिसऱ्यांदा आली.

हम्फ्री यांची पहिली पायरी म्हणजे हीच स्थिती होय. आपल्या उद्यमनगरातील एखाद्या फाउंड्रीत जुना मिस्त्री लोखंडाच्या रसाचा रंग पाहून तो साच्यात ओतण्याजोगा झाला की नाही हे सांगतो. तो रजेवर गेला की रद्द होणारे नग वाढतात. त्याचे ज्ञान खोटे नसते, परंतु ते त्याच्याबरोबर घरी जाते. दुसऱ्या पायरीवरील सहा क्षेत्रांपैकी निदान दोन, गरजांची नोंद आणि प्रतींचा हिशेब, त्या कार्यालयात असती तर ती चूक तीनदा आली नसती. टप्प्यांच्या विचाराचे हे बळ मान्य केलेच पाहिजे. कोणती प्रत खरी हे जेथे ठाऊक नाही, तेथे दोषांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. म्हणून मोजमाप चौथ्या पायरीवर ठेवणे रास्तच आहे.

यानंतर जे घडले ते मात्र उद्बोधक आहे. एका मोठ्या गिऱ्हाइकाने कार्यपद्धती लेखी असल्याचा पुरावा मागितला, तेव्हा कार्यालयाने कोठून तरी इंग्रजी नमुन्यांचा एक तयार संच आणला. त्यात चाळीसेक तक्ते होते. प्रत्येक कामाच्या अखेरीस ते भरले जात, आणि बहुधा एकाच बैठकीत भरले जात. 'गरजांचे परीक्षण झाले काय?' या रकान्यात 'होय' असे लिहिलेले प्रस्तुत लेखकाने पाहिले. त्या साऱ्या संचात 'ळ' या वर्णाचा कोठेही उल्लेख नव्हता. कागदोपत्री कार्यालय तिसऱ्या पायरीच्या वाटेवर होते आणि यादी चुकतच होती. प्रक्रिया 'निश्चित केली गेली' होती, परंतु ती निश्चित करणारा त्या खोलीत नव्हता.

अखेरीस त्या तिघांनीच एक कागद तयार करून भिंतीवर लावला. मजकूर मराठीत होता आणि तो पाच ओळींपलीकडे नव्हता. खरी प्रत कोठे आहे ते पहिल्या ओळीत होते. कावळे, काशीद, काळे, खाडे, क्षीरसागर ही नावे याच क्रमाने लागतात की नाही ते पाहिल्यावाचून प्रत बाहेर जाऊ देऊ नये, असे दुसऱ्या ओळीत होते. उरलेल्या ओळी त्यांच्या स्वतःच्या जुन्या चुकांवरून आलेल्या होत्या. त्यानंतर ती चूक आल्याचे कळले नाही. चाळीस तक्ते आणि हा कागद, दोन्ही 'लिहून निश्चित केलेल्या' प्रक्रियाच होत. भेद होता तो कर्त्याचा.

५

भाषेच्या इतिहासात हा भेद आम्हांस नवा नाही. नियम आणि रूढी यांचा संबंध हा आमच्या शास्त्राचा जुना विषय आहे. मराठी साहित्य महामंडळाने केलेले आणि शासनाने स्वीकारलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मधील आहेत. १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. सी. एम. एम.चीही क्षेत्रे अठराच, हा केवळ योगायोग. परंतु १९६२ च्या नियमांतील एक गोष्ट प्रस्तुत विषयास लागू पडते. व्युत्पत्तीच्या आधारे दिले जाणारे परंतु उच्चारात न राहिलेले अनुस्वार त्या नियमांनी गाळले. ते अनुस्वार लोकांच्या बोलण्यातून आधीच गेले होते. नियमाने त्या लोपास मान्यता दिली. त्याने तो घडवून आणला नाही. ऱ्हस्वदीर्घाच्या ज्या नियमांना उच्चाराचा असा स्पष्ट आधार मिळत नाही, त्यांविषयीचा वाद साठ वर्षांनंतरही मिटलेला नाही आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून तो रोज दिसतो.

प्रमाणभाषा कशी घडते याचे विवेचन करताना एयनार हाउगेन यांनी १९६६ मध्ये चार पैलू सांगितले : रूपाची निवड, त्याचे नियमन, त्याच्या कार्याचा विस्तार आणि समाजाकडून त्याचा स्वीकार. यांतील शेवटचा पैलू नियमकाराच्या हाती नसतो. सी. एम. एम.च्या तिसऱ्या पायरीवर नियमन आहे, शिक्षण आहे, परस्परतपासणी आहे. परंतु ज्यांनी ते पाळावयाचे त्यांच्या स्वीकारास स्वतंत्र स्थान नाही. नियम लिहिला, शिकविला आणि तपासला म्हणजे तो स्वीकारला गेला, असे गृहीत धरलेले दिसते. व्याकरणकारांनी हीच चूक अनेकदा केली आहे, म्हणून ती ओळखणे आम्हांस सोपे जाते.

येथे एक आक्षेप संभवतो. नियम करणाऱ्याने रूढीच्याच मागे जावे असे म्हटले, तर सुधारणेस वाव कोठे राहिला? चुकीची रूढीही लिहून ठेवावयाची काय? आक्षेप योग्य आहे. पण त्याचे उत्तर टप्प्यांच्या क्रमातच आहे. जी पद्धत आज चालते ती प्रथम जशीच्या तशी लिहावी. लिहिल्यावर तिचे वैगुण्य करणाऱ्यांच्याच नजरेस येते, आणि मग ती बदलावी. वर्णन आधी आणि विधान नंतर, हा क्रम राखला तर सुधारणेचा मार्ग मोकळा राहतो. तयार नमुना आणून चिकटविणारा वर्णनाची पायरी गाळतो, आणि पायरी गाळू नये हे तर प्रतिमानाचेच सांगणे आहे.

६

'परिपक्वता' या रूपकाविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. फळ पिकते, मूल वाढते. त्यांची वाट एक आणि शेवट ठरलेला. संस्था तशा असतात काय? एकोणिसाव्या शतकात आमच्या शास्त्रानेही अशीच एक शिडी उभी केली होती. आउगुस्ट श्लायशर यांच्यासारख्या श्रेष्ठ पंडितांनी भाषा हा एक सजीव मानला आणि वियोगी, संश्लिष्ट व विभक्तिप्रधान अशा चढत्या अवस्थांत भाषांची मांडणी केली. त्या शिडीवर चिनी भाषा तळाशी गेली आणि संस्कृत व ग्रीक शिखरावर बसल्या. संस्कृतातील पुष्कळशी विभक्तिरूपे टाकून शब्दयोगी अव्ययांवर काम भागविणारी आपली मराठी ही तर त्या दृष्टीने उतरणीस लागलेली ठरते. एडवर्ड सपीर यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथात या विचाराचा समाचार घेतला आणि एकाच मापाने भाषांची उच्चनीचता ठरविणे सोडून अनेक निकषांवर त्यांची वर्गवारी केली. भाषा एका अंगाने गुंतागुंतीची व दुसऱ्या अंगाने सोपी असू शकते, हे आज प्रथम वर्षाचा विद्यार्थीही जाणतो.

सॉफ्टवेअरच्या प्रतिमानासही हा धडा घ्यावा लागला, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. १९९१ मध्येच बॉलिंजर आणि मॅकगवन यांनी प्रश्नावलीवरून संस्थेस एकच आकडा देण्याच्या रीतीवर टीका केली. १९९४ मध्ये जेम्स बाख यांनी प्रतिमानालाच अपरिपक्व ठरविणारा लेख लिहिला. प्रक्रियेच्या कौतुकात माणसे हरवतात, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. २००० मध्ये सी. एम. एम. आय. आले तेव्हा त्यात दोन रीती ठेवल्या गेल्या. एकीत पूर्वीप्रमाणे संस्थेस एकच पायरी मिळे. दुसरीत प्रत्येक कार्यक्षेत्राची पायरी निराळी मोजली जाई. दुसरी रीत म्हणजे श्लायशरकडून सपीरकडे टाकलेले पाऊल होय. तथापि बाजारात चालला तो एकच आकडा, कारण जाहिरातीत एकच आकडा मावतो.

७

हा बाजार आपल्या देशाच्या अगदी निकटचा आहे. मुंबईत १९६८ मध्ये स्थापन झालेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि पुण्यात १९८१ मध्ये जन्मून १९८३ मध्ये बंगळूरला गेलेली इन्फोसिस यांचा विस्तार परदेशी कामांवर झाला. अमेरिकेतील गिऱ्हाइकास मुंबईच्या सीप्झमध्ये बसलेला अभियंता दिसत नव्हता. ओळखीची आणि प्रत्यक्ष पाहण्याची जागा कशाने तरी भरून काढावयाची होती. ती या आकड्याने भरली. १९८९ मध्ये आय. बी. एम.चा अंतराळयानाच्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प पाचव्या पायरीवर असल्याचे ठरले. १९९३ मध्ये मोटोरोलाच्या बंगळूर येथील केंद्राने तेथपर्यंत मजल मारली. पुढील दहा वर्षांत पाचव्या पायरीवरील संस्थांत भारतीय संस्थांचा वाटा फार मोठा झाला.

हे सारे कागदी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. इन्फोसिसमध्ये प्रत्यक्ष प्रकल्प कसा चालतो, याचे पंकज जलोटे यांनी एका प्रकल्पाच्या आधारे केलेले ग्रंथरूप वर्णन वाचनीय आहे. टाटा कन्सल्टन्सीतील गुणवत्ता-प्रक्रियांविषयी गार्गी कीनी यांनी २००० मध्ये 'आय-ट्रिपल-ई सॉफ्टवेअर' या नियतकालिकात लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात त्यांनी 'उत्क्रांती' हा शब्द योजला आहे, 'परिपक्वता' नव्हे. प्रक्रिया परिस्थितीशी जुळवून घेत वाढते, हा त्या शब्दाचा ध्वनी अधिक यथार्थ वाटतो. दूरच्या अनोळखी माणसास विश्वास देणारे चिन्ह लागते, आणि अशा चिन्हाच्या आधाराने आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुलामुलींचा संसार उभा राहिला, हे विसरून चालणार नाही.

परंतु चिन्हाची प्रकृती बदलत गेली, हेही तितकेच खरे. धूर हे अग्नीचे चिन्ह, कारण अग्नीवाचून धूर होत नाही. आरंभी पायरीचा आकडा अशा प्रकारचे चिन्ह होता : कामाची रीत सुधारली म्हणून आकडा वाढला. आकड्यालाच किंमत आल्यावर अग्नीवाचून धूर काढण्याचे कसब निर्माण झाले. या स्थित्यंतराची खूण शब्दांतही उमटली. मूळ संस्था 'मूल्यमापन' हा शब्द वापरी आणि आपण कोणास प्रमाणपत्र देत नाही असे सांगे. बाजारात मात्र 'प्रमाणपत्र' हाच शब्द चालला. मूल्यमापनातून पुढे काय करावे हे कळते. प्रमाणपत्र मिळाले की काम संपल्यासारखे वाटते.

आणि खुद्द हम्फ्री? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुढील कार्यात आहे. १९९५ मध्ये त्यांनी एकेका अभियंत्याकरिता 'पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस' ही पद्धती ग्रंथरूपाने मांडली. आपण एखाद्या कामास किती वेळ लागेल असा अंदाज केला, प्रत्यक्षात किती लागला, आपल्या हातून कोणत्या प्रकारच्या चुका होतात, याची नोंद अभियंत्याने स्वतः ठेवावयाची आणि स्वतःच तिच्यावरून शिकावयाचे, अशी ती रीत आहे. ज्या कर्त्याचा संस्थेच्या प्रतिमानात लोप झाला होता, त्याला त्यांनी वाक्यात परत आणले. प्रतिमानाच्या जनकानेच हे केले, ही आमच्या प्रतिपादनास लाभलेली सर्वांत मोठी पुष्टी होय. हे दुसरे प्रतिमान पहिल्याच्या मानाने फारच थोडे पसरले. त्याचे एक कारण उघड आहे : स्वतःच्या चुकांची वही कोणी गिऱ्हाइकास दाखवीत नाही.

८

एकंदर निर्णय असा. टप्प्याटप्प्याने सुधारणा करण्याचा विचार सयुक्तिक आहे. आधी स्थैर्य, मग वर्णन, मग मोजमाप आणि मग निरंतर सुधारणा, हा क्रम अनुभवास उतरतो. दोष आहे तो एका संस्थेस एक आकडा देण्यात, वाढीचे रूपक शब्दशः घेण्यात आणि सर्वांत अधिक, प्रक्रिया कोणी निश्चित केली हा प्रश्न न विचारण्यात. पहिले दोन दोष प्रतिमानाच्या नंतरच्या आवृत्त्यांनी काही अंशी सुधारले. तिसरा कोणत्याही आवृत्तीने सुधारणारा नाही, कारण तो ज्याने त्याने आपापल्या जागी सुधारावयाचा आहे.

आता हीच शिडी आपल्या दारी येऊ घातली आहे. प्रश्नपत्रिका काढण्याची, प्रबंधाच्या मार्गदर्शनाची, ग्रंथालयातील पुस्तके निवडण्याची आपली रीत काय, असे आपणांस विचारले जाईल. त्या वेळी इतर कोठून तयार तक्ते मागविण्याचा मोह प्रबळ असेल, आणि मुदत जवळ आली की तो आणखी वाढेल. तसे केल्यास स्तर मिळेलही. पण संशोधक विद्यार्थ्याचे प्रकरण मार्गदर्शकाकडे किती दिवस पडून राहते, हे आपल्या विभागात आज कोणाच्याही वहीत लिहिलेले नाही. ते आधी लिहावे, जसे आहे तसे लिहावे, आणि अध्यापक व विद्यार्थी यांनी मिळून लिहावे. तो कागद पाच ओळींचा झाला तरी पुरेसा आहे. मूल्यांकनकर्त्यांस त्याचे मोल वाटो वा न वाटो, पुढील वर्षी त्या विद्यार्थ्याचे प्रकरण वेळेवर परत आले, तर आपण एक पायरी चढलो असे म्हणता येईल.